भोजनातली मात्रा आणि रक्तदाब
(विहाराच्या वर्धापनदिनी बिडकीन येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला बोलावून समितीने मला विषयही दिला, 'रक्तदाब, म्हणजे बी.पी.' मी म्हटलं, विहारात धम्मावर बोलावं, दवाखान्यात बी.पी.वर बोलावं. पण विचार करता करता लक्षात आलं की हा विषय विहारातलाच आहे. कसा, ते आज सांगणार आहे.

सुरुवात भगवान बुद्धांच्या काळातल्या एका कथेने करतो. कोसल देशाचा राजा प्रसेनजित हा बुद्धांचा उपासक होता. मोठा राजा, पण जेवण त्याहून मोठे! एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात तो खात असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो बुद्धांच्या दर्शनाला आला. बुद्धांनी ते ओळखले. ते रागावले नाहीत, उपासही सांगितला नाही. एक छोटीशी गाथा सांगितली. तिचा भावार्थ असा की जो सावध राहून मिळालेल्या अन्नाची मात्रा ओळखतो, त्याची दुखणी कमी होतात, त्याला म्हातारपण हळू येते आणि त्याचे आयुष्य राखले जाते. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, "ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की रोज म्हण. तुला रोज शंभर कार्षापण देईन." हळूहळू राजाचे जेवण द्रोणावरून एका नाळीवर, म्हणजे लहानशा मापावर आले. शरीर हलके झाले. ही कथा संयुत्त निकायात आहे.

अट्ठकथेत यापुढची एक बारीक गोष्ट सांगितली आहे, ती मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाची वाटते. राजा शेवटचा घास उचलणार, तेवढ्यात सुदर्शन गाथा म्हणायचा. राजा तो घास ठेवून द्यायचा. त्या घासात जेवढा भात असेल, तेवढे तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचे. म्हणजे रोज एक घास कमी. एकदम काही सोडले नाही, म्हणून ते टिकले. आज आम्ही पेशंटला सांगतो ते याहून वेगळे नाही.

आता बी.पी. म्हणजे काय, ते आपल्या गावच्या भाषेत सांगतो. इथे बसलेल्या बहुतेकांना मोटार आणि पाइपलाइन माहीत आहे. हृदय ही मोटार आणि रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. मोटार पाणी ढकलते तेव्हा पाइपात दाब असतो. तो असायलाच हवा, नाहीतर शेवटच्या सरीला पाणी पोचणार नाही. पण पाइप आतून कडक झाला, अरुंद झाला, किंवा त्यात पाणीच जास्त भरले, तर दाब वाढतो. एक दिवस काही होत नाही, एक वर्षही काही होत नाही. पण कच्चा सांधा कुठे ना कुठे असतोच. तो मेंदूत असला तर अर्धांगवायू होतो. मूत्रपिंड ही आपली गाळणी, ती निकामी होते. डोळ्यांचा पडदा खराब होतो. आणि मोटार स्वतःच थकते, म्हणजे हृदय मोठे होऊन दुबळे पडते.

मोजताना दोन आकडे सांगतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. १२० आणि ८०च्या आत असेल तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त येत राहिला, तर बी.पी. आहे असे धरतात. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसावे, हात हृदयाच्या उंचीवर ठेवावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. बसस्टँडवरून धावत आलो आणि हात पुढे केला, असे करू नये. आणि एकदाच मोजून घाबरूही नये, निश्चिंतही होऊ नये.

या रोगाची सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो दुखत नाही. काटा मोडला तर आपण लगेच काढतो, कारण ठणकतो. बी.पी. ठणकत नाही. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांमध्ये रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्याची गोळी घेत होते. म्हणजे या मंडपात शंभर माणसे असतील, तर वीस-बावीस जण आपल्यातलेच आहेत. त्यातल्या अनेकांना ते माहीतही नसेल.

दवाखान्यात एक आजोबा मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डोकं दुखत न्हाई, चक्कर येत न्हाई, मग गोळी कशाला खाऊ?" मला हसू आले नाही. कारण हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकले होते. माझ्या आईला बी.पी. होते. दोन महिने गोळी खाल्ली, बरे वाटले, तिने गोळी बंद केली. मी गावोगाव लोकांच्या दंडाला पट्टा बांधत होतो आणि घरी आलो की आईला विचारत होतो, "जेवलीस का?" गोळी घेतलीस का, हे विचारले नाही. एका सकाळी तिचा उजवा हात उचलेना, बोलता येईना. पुढची तीन वर्षे ती खाटेवर होती. तिला काहीतरी सांगायचे असायचे आणि शब्द सापडायचा नाही. घरात डॉक्टर असून हे झाले. म्हणून आज मी तुम्हाला ज्ञान सांगायला उभा नाही, माझी चूक सांगायला उभा आहे.

आपल्या बाबासाहेबांचेही उदाहरण डोळ्यांपुढे आणा. मधुमेह, रक्तदाब, पायांचे दुखणे या सगळ्यांनी त्यांना शेवटच्या वर्षांत ग्रासले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना ते काठीच्या आणि सहकाऱ्याच्या आधाराने उभे होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापून हातात येण्यापूर्वीच ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय फक्त ६५ वर्षे. त्या ग्रंथासाठी मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आपले आयुष्य लांबल्याचे श्रेय त्यांनी माईसाहेबांना आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे.

त्या काळी रक्तदाबावर औषधे किती होती? फारच थोडी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा गुण 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पण त्या औषधाने मन उदास होण्यासारखे त्रासही होत, म्हणून आज ते मागे पडले आहे. बाजारात कोणी मुळी विकत असेल तर घेऊ नका. मुद्दा असा की आज सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या अम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या बाबासाहेबांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी आल्या. त्यांना त्या मिळाल्या नाहीत. आपल्याला मिळतात, आणि आपण त्या डब्यात ठेवून विसरतो! याचे वाईट वाटते.

आता आहाराकडे येतो. पहिली गोष्ट मीठ. मीठ अंगात गेले की ते पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि पाइपात दाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही दिवसभराचा, सगळे मिळून. पण चमच्याने कोण मोजणार? मी माय-भगिनींना सोपा हिशेब सांगतो. घरात पाच मोठी माणसे असतील तर ५ गुणिले ५ म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम, महिन्याला ७५० ग्रॅम. म्हणजे एक किलोची मिठाची पिशवी महिन्याच्या पुढे दहा दिवस गेली पाहिजे. तुमच्या घरी ती किती दिवस जाते, ते पिशवीवर तारीख लिहून पाहा. आणि पापड, लोणचे, फरसाण, सुकट, बोंबील यांतले मीठ या हिशेबाच्या बाहेरचे आहे, ते वेगळे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या समाजाला मीठ जास्त लागते, ती जिभेची चैन नाही. तो आपला इतिहास आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात कोरड्यास कुठून असणार? भाकरीवर मीठ-मिरची, नाहीतर ठेचा. मीठ हीच भाजी होती. एका चिमटीवर दोन भाकरी खाली उतरायच्या. मिळेल ते मांस मीठ लावून वाळवायचे, कारण उद्याची खात्री नव्हती. पण ती माणसे दिवसभर उन्हात दुसऱ्याच्या रानात राबायची, मैलोन् मैल पायी चालायची, घाम गाळायची. आज तो घाम राहिला नाही. आपली पोरे चितेगावला, वाळूजला कंपनीत आहेत. कोणी गेटवर बारा तास खुर्चीत बसतो. बिडकीन परिसरातली किती जमीन औद्योगिक पट्ट्यात गेली, ते तुम्ही पाहताच आहात. शेत गेले, शेतापर्यंतचे चालणेही गेले. दारात मोटारसायकल आली. परिस्थिती बदलली, ते चांगलेच झाले. पण गरिबीने लावलेली मिठाची सवय मात्र ताटात तशीच राहिली. गरिबी सोडली तशी ही सवयही सोडायची आहे.

काही गैरसमज आहेत. "मीठ भाजून घेतलं की चालतं." नाही चालत, भाजल्याने मिठाचा गुण जात नाही. "सैंधव खातो आम्ही." सैंधव हेही मीठच आहे. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने आणि काही गोळ्या चालू असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मीठ कमी कसे करायचे? प्रसेनजित राजासारखे! ताटात वरून मीठ वाढणे पहिल्या आठवड्यात बंद. मग भाजीत चिमूट चिमूट कमी. लिंबू, चिंच, कोथिंबीर, लसूण, जिरे यांनी चव राखता येते. काही आठवड्यांत जीभ शिकते, आणि पूर्वीची भाजी खारट लागायला लागते.

दुसरी गोष्ट, काय खावे. अमेरिकेत १९९७ साली ४५९ लोकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, 'डॅश' आहार म्हणून तो जगभर ओळखला जातो. भाज्या, फळे, कोंड्यासकट धान्य, कडधान्ये, कमी स्निग्धांशाचे दूध, आणि गोड-तळलेले कमी. मीठ दोन्हीकडे सारखेच ठेवले होते. तरी ज्यांना बी.पी. होते त्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ अंशांनी उतरला. गोळीएवढा गुण! आणि हा आहार आपल्याला अमेरिकेतून आणायचा नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, मूग, मेथी, पालक, चुका, अंबाडी, तांदुळजा, दोडका, बिनमिठाचे ताक. पैठण तालुक्यात मोसंबीच्या बागा आहेत, तर मोसंबी सोलून खा, वरून मीठ-मसाला टाकून रस पिऊ नका. पेरू, पपई, केळी खा. मधुमेह असेल तर फळांचे प्रमाण विचारून घ्या. तेल माणशी महिन्याला अर्ध्या-पाऊण किलोच्या आत ठेवा. मांस वर्ज्य करा असे मी म्हणत नाही. रस्सा कमी तिखट-तेलाचा करा, तुकडे मोजके घ्या, शेजारी भाजी असू द्या.

तिसरी गोष्ट वजन. एक किलो वजन उतरले तर वरचा आकडा साधारण एक अंशाने उतरतो. पाच किलो उतरले तर पाच. शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे ३५ इंचांच्या वर नको. बाईची ८० सेंटिमीटरच्या, सुमारे साडेएकतीस इंचांच्या वर नको. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ. उपाशी राहून आठ दिवसांत उतरवलेले वजन आठ दिवसांत परत येते. पौर्णिमेला-अष्टमीला जे उपासक अष्टशील पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत, त्यांनी साबुदाणा आणि तळणाने सकाळ भरू नये. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शील पाळताना साखर उतरून पडणे हे काही पुण्य नाही.

चौथी गोष्ट व्यायाम. विनयपिटकात एक प्रसंग आहे. वैशालीत भिक्खूंना पक्वान्नांचे भोजन वारंवार मिळू लागले, त्यांची शरीरे जड झाली, आजार वाढले. जीवक वैद्य तिथे आला होता. त्याने ते पाहिले आणि भगवंतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमण आणि उष्ण स्नानगृह यांची परवानगी द्यावी. चंक्रमण म्हणजे ठरलेल्या जागी येरझाऱ्या घालत सजगपणे चालणे. बुद्धांनी त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत प्रवास सोसण्याची ताकद येते, आजार कमी होतात आणि खाल्लेले पचते, हेही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला. आजचे शास्त्र म्हणते, आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. पैठण रोडवर वाहने फार, तिथे नको. विहाराच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानावर चाला. बायांनी दोघी-तिघींनी मिळून जावे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, किंवा आकडा १८०च्या वर असेल, तर आधी दवाखाना, मग चालणे.

पाचवी गोष्ट पंचशीलातलीच आहे. दारूने रक्तदाब वाढतो, हे आज सिद्ध आहे. पाचवे शील आपण दर रविवारी तोंडाने घेतो, ते रक्तवाहिन्यांनीही घेतले पाहिजे! तंबाखू, गुटखा, मशेरी रक्तवाहिन्या खराब करतात. मशेरी लावणाऱ्या माय-माउलींनो, तीही तंबाखूच आहे.

आता एक इशारा. हे सगळे केले म्हणजे गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. चालणे, मीठ आणि वजन यांनी आकडा उतरला तर डॉक्टर स्वतः गोळी कमी करतील, काहींची थांबेलही. पण तो निर्णय मोजून घ्यायचा असतो, वाटण्यावरून नाही. बरे वाटते ते गोळीमुळे वाटते. गरोदर बाईचे बी.पी. वाढले तर ते वेगळेच आणि तातडीचे प्रकरण आहे, तिला घरगुती उपायावर ठेवू नका. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर मालिश नको, उतारा नको, दुसऱ्या दिवसाची वाट नको. त्याच मिनिटाला १०८ला फोन करा. पहिले साडेचार तास मोलाचे असतात. माझ्या आईच्या वेळी आम्ही दुपारपर्यंत थांबलो होतो.

शेवटी विहार समितीला एक विनंती करतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, रोज ग्रंथवाचन होते, सगळे जमतात. या तीन महिन्यांत दर पौर्णिमेला वंदनेनंतर एक यंत्र आणि एक वही ठेवा. आपल्यातली कोणी नर्स, आशाताई सर्वांचे बी.पी. मोजील आणि वहीत लिहील. शेजारी लिहायचे: गोळी चालू की बंद. ज्याची बंद दिसेल, त्याच्या घरी दोघांनी जाऊन विचारायचे. सुदर्शन राजाच्या मागे उभा होता, तसे प्रत्येक घरात कोणीतरी मागे उभे राहिले पाहिजे. नातवाने आजीला रोज रात्री एवढेच विचारावे, "आजी, गोळी घेतली का?" शंभर कार्षापण द्यायची गरज नाही. आजी मायेने डोक्यावरून हात फिरवील.

आणि आता भोजनदान आहे. मी मघाशी स्वयंपाकाकडे डोकावून आलो, पापडाची मोठी टोपली भरलेली आहे! समितीने कष्टाने केले आहे, मी नावे ठेवत नाही. पण प्रत्येकाने आज एक तरी पापड परत ठेवावा, वरून मीठ मागू नये आणि शेवटच्या घासाला प्रसेनजित राजाची आठवण करावी. उद्या सकाळी अर्धा तास चालावे. परवा दवाखान्यात जाऊन एकदा मोजून घ्यावे. एवढे केले तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

बाबासाहेबांनी दिलेला धम्म पुढे न्यायला धडधाकट माणसे लागतात. आपण सर्वजण निरोगी आणि दीर्घायुषी व्हावे, अशी मंगलकामना करून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!